रक्त जास्त झालेली माणसं

आयुष्यभर मी मुलींना नकाशावर दिल्ली दाखवली. भूगोलाच्या बाई म्हणून कराडच्या शाळेतून निवृत्त झाले, तोवर नकाशातल्या त्या ठिपक्यावर मी इतक्यांदा छडी टेकवली होती की तिथला कागद फाटून त्याला मागून चिकटपट्टी लावावी लागली होती. स्वतः मात्र नागपूरच्या वर कधी गेले नाही. धाकटा भाऊ दिलीप केंद्र सरकारच्या नोकरीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार थाटून बसलेला. "ताई, ये की एकदा," असं तो दर दिवाळीला म्हणायचा आणि मी दर दिवाळीला "बघू" म्हणायचे.

या फेब्रुवारीत गेले, त्याला कारण माझं रक्त. मला पॉलिसायथेमिया व्हेरा नावाचा आजार आहे. नाव ऐकून ते एखाद्या फुलझाडाचं वाटतं, पण हा रक्ताचा कॅन्सर आहे, दुर्मीळ आणि संथ चालीचा. हाडांतला मगज तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त बनवत राहतो. रक्त दाट होतं आणि दाट रक्ताची गुठळी कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. म्हणून अधूनमधून माझं रक्त काढून टाकतात. लोक रक्तदान करून पुण्य मिळवतात, माझं रक्त गटारात जातं. आता वयही झालं, तेव्हा नुसतं रक्त काढून भागणार नाही, रोज कॅप्सूल घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी कॅप्सूल आणल्या. शेजारचा औषधवाला पाकीट हातात देताना हळूच म्हणाला, "बाई, ही केमोची गोळी असते ना?" झालं. तेव्हापासून पाकीट पर्समध्ये होतं, तसंच बंद.

डॉक्टरांना मी विचारलं, "ही गोळी घेत म्हातारं झालेलं कुणी तुमच्या बघण्यात आहे?" ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "बाई, या आजाराच्या माझ्याकडच्या तुम्ही दुसऱ्याच." पहिल्याचं काय झालं, ते मी विचारलं नाही. मला फक्त एक असा माणूस डोळ्यांनी बघायचा होता. पुस्तकात वाचून माझं समाधान होत नाही. पुस्तकं मीही शिकवली आहेत.

दिल्लीत अशा रुग्णांचा मेळावा होतो, हे भाचीने, केतकीने, मोबाइलवर शोधून काढलं. "आत्या, तू बस आ जा, बाकी मी बघते," असं तिचं मराठी. हे गेल्यापासून मी एकटीच असते, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं. तिकीट काढलं आणि निघाले.

सरोजिनी नगर

स्टेशनवर दिलीप आणि भावजय नलिनी दोघंही आले होते. नलिनीने मला बघितलं आणि ओरडलीच, "अय्या वन्सं, किती लालबुंद दिसताय! तब्येत काय झकास आहे!" हे मला नवीन नाही. या आजारात चेहरा लाल होतो. माझ्या दुखण्याचं सगळ्यात जास्त कौतुक आजवर माझ्या गालांनीच मिळवलं आहे.

क्वार्टर छोटं, पण दारात मोगऱ्याची कुंडी, उंबऱ्यापुढे रांगोळीचा ठिपका आणि आतून फोडणीचा वास. बाहेर पाऊल टाकलं की "भैया, ये मटर कैसे दिए?" आणि आत आलं की "चहा टाकू का?" दोन पावलांत भाषा बदलायची नलिनीची ही हातोटी बघून मला तिचा हेवा वाटला. मला बाजारात "कितने का है" एवढंच यायचं आणि पुढचं उत्तर कळायचं नाही.

दिल्लीची फेब्रुवारीतली सकाळ म्हणजे बोचरी थंडी. मला मात्र ती फार आवडली, कारण माझ्या तळपायांची रक्त दाटल्याने आग होते. मी आपली चपला काढून गार फरशीवर सुखाने फिरत होते. नलिनी लोकरीचे मोजे घेऊन माझ्या मागे. मी काढायची, ती घालायची. शेवटी केतकी म्हणाली, "आई, यार, छोड ना आत्याला."

आणि जेवण! आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, तो दोन पोळ्यांचा. इथे आग्रहाला एक दिशा होती, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सकाळी अळिवाचा लाडू. नाश्त्याला बीटाचे पराठे. दुपारी पालक. चार वाजता डाळिंबाचे दाणे आणि खजूर. दिल्लीच्या लाल गाजरांचा हलवा तर इतका सुरेख की मी दोनदा मागून घेतला आणि नलिनीच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आल्याचा आनंद पसरला. मला वाटलं, हौशी बाई आहे.

एकच गोष्ट जड जायची. अंघोळ. पाहुण्याची अंघोळ पहिली आणि पाणी कढत, हा नलिनीचा माहेरचा रिवाज, ती वाईची. गीझर असूनही ती चुलीवरच्यासारखं वाफाळतं पाणी काढून द्यायची. माझ्या अंगावर पाणी पडलं की थोड्या वेळाने खाज सुटते. पुरळ नाही, लाली नाही, दिसत काही नाही, पण कातडीखाली मुंग्या सोडल्यासारखं होतं. गरम पाण्याने जास्तच. कराडला एका डॉक्टरांनी मलम दिलं होतं, दुसऱ्यांनी "मन रमवा" सांगितलं होतं. मीही मग बोलणं सोडलं. नलिनीच्या बाथरूममध्ये मी टॉवेलचा बोळा तोंडात धरून उभी राहायची आणि बाहेरून आवाज यायचा, "वन्सं, अजून एक बादली देऊ?"

एके रात्री जेवणं झाल्यावर ती चमचा आणि बाटली घेऊन आली. लोहाचं टॉनिक. "हे घ्या. याने रक्त भराभर वाढतं. आमच्या समोरच्यांच्या सुनेला फार गुण आला."

मी बघतच राहिले. "अगं नलिनी, माझं रक्त कमी नाही. जास्त आहे!"

ती हसायलाच लागली. "काहीतरीच! रक्त जास्त असणं हा काय आजार आहे होय? लोकांना मिळत नाही."

मी दिलीपकडे पाहिलं. तो वाटाणे सोलत होता. मान खाली, शेंगा भराभर. केतकी उठून आत गेली. तेव्हा मला उलगडलं. माझं दुखणं या घरात "ताईचं रक्ताचं काहीतरी" एवढंच सांगितलं गेलं होतं. नलिनीची आई कॅन्सरने गेली, तेव्हापासून हा शब्द इथे कुणी उच्चारत नाही. टीव्हीवर जाहिरात लागली तरी दिलीप चॅनेल बदलतो. आणि रक्ताचं काहीतरी म्हणजे आपल्याकडे एकच, रक्त कमी. बाईचं रक्त कमीच असणार. त्या बिचारीने मग कंबर कसली होती.

"डॉक्टरांना विचारून घेऊ टॉनिक," असं म्हणून मी बाटली कपाटावर ठेवली. खरं सांगायचं तर मलाही तो शब्द तिच्यासमोर उच्चारवला नाही.

पहाडगंज

मेळाव्याला दिलीप येणार होता. आयत्या वेळी त्याला ऑफिसचं काम निघालं. रविवारी. नलिनीने पदर खोचला. "मी येते वन्सं. मला तरी काय, तेवढीच हवा." रिक्षावाल्याशी तिने घासाघीस केली, तो म्हणेल त्याच्या निम्म्यावरून सुरुवात, आणि आम्ही निघालो. पहाडगंजात शिरताच रस्ता अरुंद झाला. हॉटेलांच्या पाट्या एकमेकींच्या खांद्यावर चढलेल्या, हातगाड्या, पाठीवर घर घेऊन निघालेले परदेशी. "इथे आपली मराठी शाळा आहे बरं का," नलिनी मला दाखवत होती, "केतकीला घालणार होते, पण लांब पडली." ती मला दिल्ली दाखवण्याच्या उत्साहात होती आणि मी पर्समधलं बंद पाकीट चाचपत होते.

हॉल एका धर्मशाळेच्या पहिल्या मजल्यावर होता. जिना चढून वर आलो, तर समोरच मोठा कापडी फलक. नलिनी हिंदी माझ्यापेक्षा भरभर वाचते. दुर्लभ रक्त कैंसर, मरीज़ और परिवार मिलन. तिचे ओठ हलले. शेवटच्या शब्दापर्यंत गेले आणि पुन्हा मागे आले.

मी म्हटलं, "नलू."

माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तशीच ती मला आत घेऊन गेली आणि खुर्चीवर बसल्यावरही हात सोडला नाही.

हॉलमध्ये पन्नासएक माणसं असतील. मथुरेची, रोहतकची, मेरठची. मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. कुणी पांढरे पडलेले होते, पण बरेचसे माझ्यासारखेच लालबुंद. सगळी जणू काश्मीरहून सहल करून आल्यासारखी. एक तरुण डॉक्टरीणबाई सोप्या हिंदीत समजावत होत्या. पाणी भरपूर प्या, एका जागी फार वेळ बसू नका, पाय सुजला किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका. कुणीतरी खाण्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "घर का खाना आराम से खाइए। बस आयरन की गोली या टॉनिक बिना पूछे कभी मत लीजिए।"

माझ्या मनगटावरची पकड एकदम सैल झाली. नलिनी जमिनीकडे बघत होती.

चहा आणि ब्रेडपकोडे आले. माझ्या पलीकडे एक उंचीपुरी, म्हातारी बाई बसली होती, डोक्यावर ओढणी, पायात बूट, गाल माझ्याहून लाल. पकोड्याचा तुकडा मोडत तिने सहज विचारावं तसं मला विचारलं, "बहन जी, नहाने के बाद खाज आवै सै?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं, अंघोळीनंतर खाज येते का. मी नुसती मान हलवली.

तिने मागे वळून आख्ख्या हॉलला विचारलं, "अरे भाई, नहाने के बाद खाज किस-किस को आवै सै?"

हात वर झाले. एक, दोन, मग इकडून, तिकडून, खिडकीपाशी बसलेल्या सरदारजींचा, चहा वाटणाऱ्या बाईंचा सुद्धा. कुणीतरी म्हणालं, "मैं तो नहाता ही एक दिन छोड़के हूँ," आणि सगळे खो खो हसले. कुणी खोबरेल सांगितलं, कुणी कोमट पाणी, कुणी अंग पुसू नका, नुसतं टिपा. डॉक्टरीणबाईंनी यावर औषधं असतात तेही सांगितलं. मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. इतकी वर्षं मी टॉवेल तोंडात धरून एकटी उभी होते आणि इथे मेरठपासून मथुरेपर्यंत माणसं आपापल्या न्हाणीघरात तशीच उभी होती. मला वेड लागलेलं नव्हतं. हे एवढं कळायला मी दिल्लीपर्यंत आले, आणि परत एकदा यावं लागलं तरी येईन.

त्या बाईंचं नाव संतोष. आपल्याकडे हे पुरुषाचं नाव, हरयाणात बायकांचंही असतं. पानिपतच्या. घरी हातमागाच्या सतरंज्यांचा धंदा. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, किती वर्षं झाली? त्या म्हणाल्या, आजार निघाला तेव्हा मुलगा शाळेत जायचा. आता त्याची मुलगी कॉलेजात जाते. "कॅप्सूल?" "रोज। रोटी के बाद।"

मी पर्समधलं बंद पाकीट काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "डर लाग्गै सै?"

"हो," मी चक्क मराठीत म्हणाले. त्यांना ते कळलं.

"तो पानीपत आ जाओ," त्या म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात नलिनी रहदारीच्या आवाजात, समोर बघत म्हणाली, "कॅन्सर." तो शब्द जिभेवर ठेवून बघावा तसा. "कॅन्सर आहे तुम्हाला. आणि मी तुम्हाला बीट खाऊ घालतेय."

"हलवा फार छान झाला होता गं," मी म्हटलं. ती रडायला लागली. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि वेग कमी केला.

घरी गेल्यावर तिने चप्पलही काढली नाही. दिलीपसमोर उभी राहिली. "माझ्या आईला तुम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती मला विचारत राहिली, नलू, मला काय झालंय गं, आणि मी अशक्तपणा म्हणत राहिले. तिच्याशी एकदाही खरं बोलले नाही मी. आता वन्सं स्वतःच्या पायांनी, स्वतः तिकीट काढून इथे आल्या, तर त्यांच्याबद्दलही तेच?"

दिलीपने तोंड झाकून घेतलं. माझा हा भाऊ लहानपणी मांजर मेलं तरी शेजाऱ्यांना "झोपलंय" म्हणून सांगायचा. "उच्चारलं की खरं होतं असं वाटत होतं गं," तो मला म्हणाला.

"दिल्या, ते आधीच खरं आहे," मी म्हटलं आणि त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

पानिपत

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये गेले, तर बादलीत कोमट पाणी. अंघोळ आटपली. खाज यायची ती आलीच. तेवढ्यात दाराबाहेर पाट सरकवल्याचा आवाज झाला.

"वन्सं, मी इथे बसलेय," नलिनी म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका. मीच बोलते." आणि ती बोलायला लागली. समोरच्यांच्या सुनेचं माहेर, केतकीला आलेलं स्थळ आणि त्या मुलाच्या आईचा आखडूपणा, सरोजिनीच्या बाजारात एकच स्वेटर चार दुकानांत चार भावांनी कसा मिळतो, सगळं तपशीलवार. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते, मध्येच हसत होते. खाज तेवढीच होती. पण टॉवेल तोंडात धरायची गरज पडली नाही.

दिलीपने रजा टाकली होती. "चल ताई, पानिपतला. मराठी माणूस तिथून कधी जिंकून आलेला नाही, तू बघ प्रयत्न करून," असं म्हणत त्याने गाडी काढली. गेल्या काही दिवसांत त्याने मारलेला हा पहिलाच विनोद. हायवेला लागल्यावर दोन्ही बाजूंना गहू आणि पिवळीधमक मोहरी. मैलोगणती सपाट जमीन, कुठे टेकाड म्हणून नाही. "गंगा-यमुनेचे मैदान" हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवला, पण सपाट म्हणजे इतकं सपाट असतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कुठूनही पाहिलं तरी एखादा डोंगर पाठीशी असतो. इथे आडोसाच नाही. मुरथलला पराठे खाल्ले, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. नलिनी माझ्या ताटाकडे बघून घाबरत म्हणाली, "हे चालतं ना?" मी म्हटलं, "घर का खाना आराम से."

लढाईच्या स्मारकापाशी थांबलो. शांत बाग, कोवळं ऊन, बाकावर स्वेटर विणणाऱ्या बायका. लहानपणापासून काही बिनसलं की आपण "पानिपत झालं" म्हणतो. मी शिलेला हात लावला. दिलीपने जोडे काढून नमस्कार केला.

संतोषजींच्या घरात शिरण्याआधीच मागांचा खटखटाट ऐकू आला. अंगणात रंगीत सुताच्या लडी वाळत होत्या. त्यांनी नलिनीला मिठी मारली, मला मारली, दिलीपच्या डोक्यावर हात ठेवला. बाजरीची रोटी, साग, गुळाचा खडा, ताकाचे भलेमोठे पेले. आमच्या भाकरीची ती थोरली बहीण, जरा जाड, जरा गोड. सून वाढत होती, कॉलेजातली नात फोनवर बोलत आली आणि आजीच्या ताटातला गूळ उचलून गेली. मी तिच्याकडे टक लावून बघत होते. ती शाळेतल्या मुलाची मुलगी. एवढी मोठी, खळखळून हसणारी.

जेवण झालं. संतोषजींनी कोनाड्यातून डबी काढली, त्यांची कॅप्सूल तळहातावर घेतली आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. त्यांना उपदेश करता येत नव्हता की करायचा नव्हता, कोण जाणे. त्या नुसत्या थांबल्या.

मी पर्समधून पाकीट काढलं. ते फोडायला कड नखाला लागेना. नलिनीने ते माझ्या हातातून घेतलं, एक कॅप्सूल काढली आणि तांब्यातून पाणी ओतलं, भरपूर.

"एक साथ," संतोषजी म्हणाल्या.

दोघींनी एकदम घेतल्या. गिळताना काही वाटलं नाही. चव नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, "बस। इतनी सी बात सै।" मला ठाऊक आहे, बात इतनी सी नाही. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं आहे, पुढे काय होईल ते कुणी लिहून दिलेलं नाही. पण त्या दुपारी, मागांच्या आवाजात, मला ती तेवढीच वाटली. निघताना त्यांनी एक सतरंजी दिली. पैसे विचारले तर रागावल्या.

कराडला परत येऊन आता काही महिने झाले. सतरंजी देवघरासमोर अंथरली आहे. सकाळी पाणी कोमट काढते. अंघोळ झाली की फोन वाजतो. मी तो स्पीकरवर ठेवते आणि अंग टिपत ऐकते. वाटाण्याचा भाव, केतकीचं स्थळ, काल दिलीप ऑफिसात आजाराचं नाव घेऊन सांगून आला, "माझ्या बहिणीला कॅन्सर आहे, पण ठणठणीत आहे," त्याची हकीगत. खाज ओसरते. मग नलिनी थांबते आणि म्हणते, "वन्सं, रात्रीची घेतलीत?"

"घेतली गं," मी म्हणते.

"नाव घेऊन सांगा."

"कॅन्सरची गोळी घेतली," मी म्हणते, आणि दिल्लीत तिचा चहा उकळत असतो, तो मला इथे ऐकू येतो.